शिक्का कोणाचा, कात्री कोणाची?

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री जो नाच झाला, त्यातून हिप-हॉप जन्मलं असं इतिहास लिहिणारे सांगतात. जमैकाहून आलेला कूल हर्क नावाचा पोरगा तबकड्या वाजवत होता. हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण तो नाच ठेवलाच कशाला होता, हे कोण विचारतं? हर्कच्या बहिणीला, सिंडी कॅम्पबेलला, शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे नव्हते. म्हणून तिने १५२०, सेजविक अव्हेन्यू या आपल्याच इमारतीतला हॉल भाड्याने घेतला. पोरींना पंचवीस सेंट, पोरांना पन्नास सेंट असं तिकीट लावलं. भावाला म्हणाली, वाजव.

म्हणजे जगभर गाजलेल्या त्या चळवळीच्या मुळाशी एका गरीब पोरीचा नवा फ्रॉक आहे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. काही मित्रांना वाटत नाही. ते म्हणतात, कपडालत्ता ही चैनीची बाब, क्रांतीशी तिचा काय संबंध? संबंध नसता तर आपल्या भाषेत वरच्या थराला पांढरपेशा हे नाव का पडलं असतं? ज्याच्या अंगावर घाम दिसत नाही, धूळ दिसत नाही, धुवट पांढरं दिसतं, तो पांढरपेशा. माणसाची जागा आधी त्याच्या अंगावर लिहिली जाते. कागदावर ती मागाहून येते.

मी कापडाच्या गिरणीत छपाईखात्यात काम करतो. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे काही वाचलं ते रात्रपाळी सुटल्यावर, डोळे चोळत. पण कापडाबद्दल बोलायचा मला हक्क आहे. आमच्याकडे ताका तयार झाला की त्याच्या टोकाला गिरणीच्या नावाचा शिक्का मारतात. सूत कोणी काढलं, माग कोणी चालवला, रंगाच्या वाफेत कोणाची छाती भरली, ते त्यावर नसतं. शिक्का मालकाचा. बाजारात भाव चढतो तोही शिक्क्याचा. म्हणून हार्लेममधल्या एका काळ्या माणसाने मालकांचा हा शिक्काच हिसकावून घेतला, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून बसलो. त्या माणसाची आणि त्याच्या गिऱ्हाइकांची, म्हणजे सुरुवातीच्या रॅपरांची, गोष्ट आज सांगायची आहे.

पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

१७४० साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना वसाहतीत गोऱ्या मालकांनी गुलामांसाठी एक कायदा केला. त्यात कपड्याचंही कलम होतं. गुलामांनी आपल्या पायरीच्या वरचं काही अंगावर घालायचं नाही. कोणकोणतं कापड चालेल त्याची यादीच दिलेली. सगळं जाडंभरडं, हलकं, स्वस्तातलं. त्याहून चांगलं काही अंगावर दिसलं तर शिपायाने ते काढून घ्यावं अशी तरतूद. अशा खरबरीत कापडाला बाजारात ‘निग्रो क्लॉथ’ हेच नाव पडलं. कापूस वेचणारा तोच, आणि त्याच्याच अंगाला काट्यासारखं टोचणारं कापड.

हे वाचताना आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये इंदूर संस्थानातल्या बलाई लोकांची हकीकत दिली आहे. १९२८ साली तिथल्या सवर्णांनी बलाईंना नियम घालून दिले. जरीकाठी पागोटं बांधायचं नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचा दागिना घालायचा नाही. बलाईंनी नकार दिला. मग विहिरी बंद, गुरं चारायची बंद, आणि कित्येकांना गाव सोडावं लागलं. दोन खंड, मधे जवळजवळ दोनशे वर्षं, आणि कायदा लिहिणाऱ्यांचं डोकं एकच. ज्याला खाली ठेवायचंय त्याला चांगलं नेसू देऊ नका.

आता ब्रॉन्क्सला परत येऊ. १९७० च्या दशकात तिथे घरं जळत होती. पडक्या चाळींच्या विम्याचे पैसे मिळावेत म्हणून मालकच आगी लावत होते. पोरांच्या टोळ्या होत्या. टोळीचा पोशाख म्हणजे बाह्या कापलेलं डेनिमचं जाकीट आणि पाठीवर टोळीचं नाव. ८ डिसेंबर १९७१ ला होई अव्हेन्यूवर टोळ्यांची सभा झाली आणि तह झाला. हळूहळू मारामारीची जागा नाचाने, गाण्याने घेतली. पण पाठीवर लिहायची सवय गेली नाही. भिंती रंगवणारी पोरं आता जाकिटं रंगवू लागली. इस्त्रीने चिकटणारी अक्षरं आणून सदऱ्यावर नाव, पट्ट्याच्या पितळी बकलावर नाव. बुटाच्या रुंद नाड्या दुकानात मिळत नव्हत्या, तर साध्याच नाड्या ताणून, खळ लावून, इस्त्री फिरवून रुंद केल्या.

याला कोणी डिझाईन म्हणत नव्हतं. पण मी म्हणतो, डिझाईन इथेच सुरू झालं. दुकानातून आणलेली वस्तू आहे तशी घालायची नाही, तिच्यावर आपला हात फिरवायचा. हजारांनी निघालेल्या मालातला एक नग आपला करायचा. गिरणीतल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो.

पुढे क्वीन्स भागातल्या हॉलिसचे रन-डीएमसी आले. त्यांच्या आधीचे गाणारे मंचावर चढताना चामडं, खिळे, पिसं असा झगमगाट करत. रन-डीएमसीने गल्लीत जे घालत तेच मंचावर घातलं. काळं चामडं, टोपी, आणि नाड्या नसलेले आदिदासचे बूट. १९८६ मध्ये त्यांनी त्या बुटांवरच गाणं केलं. त्याच वर्षी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी लोकांना बूट वर करायला सांगितले, आणि हजारो हात बूट घेऊन वर गेले. कंपनीचा माणूस तिथे हजर होता. पाठोपाठ दहा लाख डॉलरच्या घरातला करार झाला. गाणाऱ्यांना कळलं की आपण घातलं की माल खपतो. कंपन्यांनाही कळलं. आजचा सगळा बाजार त्या दोन समजुतींवर उभा आहे.

आता हार्लेम. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथून हार्लेमचा १२५ वा रस्ता चालत जाण्याइतका जवळ. त्याच रस्त्यावर, ४३, ईस्ट १२५ या पत्त्यावर, १९८२ साली डॅनियल डे नावाच्या माणसाने दुकान उघडलं. लोक त्याला डॅपर डॅन म्हणत. जन्म १९४४ चा, हार्लेमचाच. शिंप्याच्या घरातला नव्हे. फासे टाकून पोट भरणारा पक्का जुगारी. पण वाचणारा माणूस. १९७४ मध्ये तो आफ्रिकेत गेला असताना लायबेरियातल्या एका शिंप्याकडून त्याने मापाचे सूट शिवून घेतले. आपल्या मनातला कपडा, आपल्या मापाने, आपल्यासारख्याच दिसणाऱ्या कारागिराच्या हातून. हे त्याच्या डोक्यात बसलं.

आधी त्याने फरचे कोट विकले. पण घाऊक व्यापारी काळ्या दुकानदाराला नीट माल देईनात. मोठ्या कंपन्या त्याला दारात उभं करीनात. मग एकदा एका गिऱ्हाइकाच्या हातात लुई व्हिताँची छोटी पिशवी होती, ती बघायला दुकानातले सगळे गोळा झाले. डॅनच्या मनात आलं, एवढ्याशा पिशवीने माणूस एवढा मोठा होतो, तर अंगभर तेच शिक्के असले तर काय होईल?

तो गुचीच्या दुकानातून कपडे ठेवायच्या पिशव्या विकत आणू लागला. त्या फाडून त्यांचे तुकडे जाकिटाला लावू लागला. पण पिशव्या किती फाडणार? मग तो चामड्यावर छपाई शिकला. इथे मी थोडा थांबतो, कारण हे माझं काम आहे. सुती कापडावर छापणं वेगळं. कापड रंग पितं, वाफेवर रंग पक्का होतो. चामड्याला वाफ दिली तर ते आक्रसतं. रंग वरवर बसला तर घडीवर तडकतो, कोपराशी सोलून निघतो. शाई कोणती, पातळ किती, जाळी कोणती, हे सगळं डॅनने पुस्तकं वाचून आणि चुकून चुकून शोधलं. डिग्री नाही, गुरू नाही. साहेब लोक ज्याला तंत्रज्ञान म्हणतात ते त्याने जुगाराच्या पैशावर उभं केलं. कोट, जाकिटं, पाटलोणी, अगदी मोटारींच्या बैठकासुद्धा त्याने शिक्क्यांनी मढवल्या.

दुकान चोवीस तास उघडं. आत सेनेगलहून आलेले शिंपी पाळ्यांत काम करत. गिऱ्हाइकं कोण? खरं बोलायचं तर सुरुवातीला गर्द विकणारे आणि जुगारी. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून क्रॅकने हार्लेमची घरंच्या घरं खाल्ली, आणि तो पैसा या दुकानात आला. हे झाकून ठेवायचं नाही. ज्या रस्त्यावर बँक काळ्या माणसाला कर्ज देत नाही, त्या रस्त्यावर रोख पैसा कोणाकडे असतो, हेही विसरायचं नाही. गल्लीतली पोरं या लोकांच्या अंगावरचे कपडे बघत मोठी झाली. त्यातलीच काही रॅपर झाली, आणि गाण्याचा पहिला पैसा हातात आला तेव्हा सरळ डॅनकडे गेली. एलएल कूल जे तिथे कपडे शिवत असे. एरिक बी आणि रकीम यांच्या १९८७ च्या ‘पेड इन फुल’ या तबकडीच्या वेष्टणावर दोघे उभे आहेत. अंगात गुचीचे शिक्के असलेली जाकिटं, गळ्यात सोन्याचे दोरखंड. ती जाकिटं गुचीने कधी बनवली नव्हती. ती १२५ व्या रस्त्यावर शिवली होती.

ही गंमत नीट समजून घ्या. नकली माल म्हणजे असलीची हुबेहूब नक्कल. पण डॅनच्या कपड्याचं असली होतंच कुठे? लुई व्हिताँ तेव्हा पेट्या आणि पिशव्या विकायची. तिचा पहिला तयार कपड्यांचा संग्रह आला १९९८ साली. म्हणजे कंपनीच्या आधी कित्येक वर्षं एका काळ्या माणसाने कंपनीचे कपडे शिवून दाखवले. पिशवीवर जो शिक्का बोटाएवढा आणि लाजरा होता, तो त्याने पाठभर केला.

पण कायदा असं बघत नाही. कायद्याला शिक्का कोणाच्या नावावर नोंदलाय एवढंच दिसतं. १९८८ च्या ऑगस्टमध्ये पहाटेच्या वेळी त्या दुकानाबाहेर मुष्टियोद्धा माइक टायसन आणि मिच ग्रीन यांची मारामारी झाली. टायसनचा हात मोडला. वर्तमानपत्रांत दुकानाचं नाव आलं, आणि कंपन्यांच्या वकिलांना हार्लेमचा पत्ता सापडला. छापे पडू लागले. माल जप्त, यंत्रं जप्त. फेंडी कंपनीच्या वकिलांत एक होत्या सोनिया सोतोमायोर. याच बाई २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. पोर्तो रिकन घरातल्या, ब्रॉन्क्सच्याच सरकारी चाळीत वाढलेल्या. मी बाईंना दोष देत नाही. त्या नोकरी करत होत्या. पण व्यवस्था कशी चालते बघा. गल्लीतला एक शिकून वर जातो, आणि कंपनीचा कागद घेऊन गल्लीतल्या दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. १९९२ मध्ये दुकान बंद झालं.

आता आपल्या मित्रांचा आक्षेप घेऊ. तो पोकळ नाही. ते म्हणतात, मालकाचा शिक्का अंगावर मिरवणं यात कसला विद्रोह? इंग्रजीत ब्रँड या शब्दाचा एक जुना अर्थच डाग. तापल्या लोखंडाने गुरांना द्यायचा डाग. तोच डाग गुलामांच्या कातडीवरही दिला गेला. ज्यांच्या पणज्यांच्या खांद्यावर मालकाने नाव भाजलं, त्यांनी हौसेने पैसे मोजून इटलीच्या मालकाचं नाव छातीवर का लावावं?

मी यावर बरेच दिवस विचार केला. माझं मत असं. शिक्का अंगावर असणं ही अर्धीच गोष्ट. तो कोणी मारला हे बघायला पाहिजे. गुलामाला डाग मालकाने दिला, त्याला न विचारता. डॅनने शिक्का मालकाला न विचारता उचलला. जो दारात उभा करत नव्हता त्याचंच दार उखडून त्याने कोट शिवला. यात सूड आहे, थट्टा आहे, आणि ‘हे मलाही शोभतं’ असं म्हणणंही आहे. बाबासाहेबांच्या सुटाला नाकं मुरडणारे पुष्कळ होते. त्यांना सूट खटकत नव्हता, तो कोणाच्या अंगावर आहे ते खटकत होतं.

पण पुरा विजयही नाही, हेही कबूल करतो. एक तर शिक्क्याचा भाव डॅननेच वाढवला, आणि तो भाव शेवटी गेला कंपनीच्या खात्यात. दुसरं म्हणजे ते सेनेगलचे शिंपी. वेष्टणावर गाणाऱ्याचं नाव, जाकिटावर गुचीचं, पाटीवर डॅनचं. ज्याने रात्रभर जागून चामड्यात सुई घातली त्याचं नाव त्या पोशाखावर कुठे आहे? तिथे मला आमचं छपाईखातं दिसतं.

डॅनच्या आसपासच दुसरी वाट फुटली होती. क्वीन्समधल्या जमैका कोलोसियम मॉलमध्ये १९८६ पासून ‘शर्ट किंग्ज’ या नावाने तीन पोरं हवेच्या पिचकारीने सदरे रंगवत. भिंती रंगवणारा हात आता छातीवर आला. गिऱ्हाईक सांगेल ते चित्र, गिऱ्हाइकाचं नाव. ब्रुकलिनची एप्रिल वॉकर ही पोरगी डॅनचं दुकान बघून आली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिने स्वतःचं शिवणकामाचं दुकान थाटलं. पुढे ‘वॉकर वेअर’ या आपल्या नावाने माल काढला. पुरुषांच्या या धंद्यात एक बाई स्वतःच्या आडनावाचा शिक्का घेऊन उभी राहिली. ब्रुकलिनचाच कार्ल विल्यम्स लहानपणी बापाबरोबर कापड घेऊन शिंप्याकडे जायचा. त्याने १९८९ मध्ये कार्ल कनाय या नावाने धंदा मांडला. ‘कनाय’ म्हणजे इंग्रजीत ‘कॅन आय’, मला जमेल का? स्वतःला विचारलेला प्रश्नच त्याने शिक्का केला. १९९२ मध्ये हॉलिसच्या डेमंड जॉनने घरी टोप्या शिवून ‘फुबू’ सुरू केलं. त्या अक्षरांचा अर्थ, आपल्यासाठी, आपणच केलेलं. भांडवलासाठी त्याच्या आईने घर गहाण टाकलं. १९९७ मध्ये एलएल कूल जे ‘गॅप’ या बड्या कंपनीच्या जाहिरातीत उभा राहिला, तो डोक्यावर फुबूची टोपी घालून. कंपनीच्या पैशात आपल्या पोरांची जाहिरात.

डॅन कुठे गेला? पंचवीस वर्षं आडोशाला राहून शिवत राहिला. मग मे २०१७ मध्ये गुचीने इटलीत फ्लॉरेन्सला कपडे दाखवले. त्यात फुगीर बाह्यांचं एक फरचं जाकीट होतं. ते डॅनने १९८९ च्या सुमारास धावपटू डायन डिक्सनसाठी शिवलेल्या जाकिटाची उघड नक्कल. फरक एवढाच की शिक्का लुई व्हिताँच्या जागी गुचीचा. डिक्सनबाईंनी स्वतःचा जुना फोटो लोकांपुढे ठेवला आणि ज्याचं श्रेय त्याला द्या म्हणाल्या. काळ्या लोकांनी गदारोळ केला. ज्या माणसाला चोर म्हणून कोर्टात खेचलं त्याचीच चोरी! शेवटी कंपनी नमली. २०१८ मध्ये हार्लेमच्या लेनॉक्स अव्हेन्यूवर गुचीच्या भागीदारीत डॅनचं दुकान पुन्हा उघडलं. सुमारे वर्षभराने, फेब्रुवारी २०१९ मध्ये, गुचीने काळ्या माणसाच्या चेहऱ्याची विटंबना वाटेल असा स्वेटर विकायला काढला, तेव्हा डॅनने कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला हार्लेममध्ये बोलावून जाब विचारला.

कोणी म्हणेल डॅन विकला गेला. मी म्हणणार नाही. ज्याने स्वतःच्या हाताने काही उभं केलेलं असतं, त्यालाच मालकाला गल्लीत बोलावता येतं. रिकाम्या हाताच्या माणसाला मालक आपल्या ऑफिसच्या बाकावर बसवून ठेवतो.

म्हणून मित्रांनो, एक व्यवहाराची गोष्ट बोलून थांबतो. चौदा एप्रिलला आपण निळे टी-शर्ट घालून निघतो. छातीवर बाबासाहेब. ते कापड कोण विकतं, छापतं कोण, पैसा कोणाच्या गल्ल्यात जातो? आपल्या वस्तीत शिलाई मशीनवर ठिगळं लावणाऱ्या बाया आहेत, चित्रं काढणारी पोरं आहेत. छपाईची जाळी घरच्या चौकटीवर ताणता येते, भट्टी लागत नाही. ते काम मला येतं. चार पोरं आणि एक मशीन जमवा. रविवारी सुट्टी असते, मी येऊन शिकवतो. आणि कपड्याच्या आतल्या बाजूला, कॉलरखाली, शिवणारीचं नाव टाकायचं. एवढी एकच अट.